टेलिकास्टरचे तीन पितळी सॅडल : बदलल्याने सूर नेमका किती सुधारतो?

सहावी तार (धागालेखक), पुणे

नमस्कार. माझ्याकडे गेली सात वर्षे टेलिकास्टर धाटणीची एक गिटार आहे. तिची स्केल (मानेच्या टोकाच्या पट्टीपासून, म्हणजे नटपासून, खालच्या घोडीपर्यंत, म्हणजे ब्रिजपर्यंत, तारेची लांबी) २५.५ इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर आहे. तिच्या ब्रिजवर जुन्या पद्धतीचे तीनच पितळी सॅडल (तारा ज्यांवर टेकतात ते पुढेमागे सरकणारे तुकडे) आहेत, त्यामुळे प्रत्येक सॅडलवर दोन तारा टेकतात. तारांचा संच १०–४६ मापाचा (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच, सर्वांत जाड ०.०४६ इंच) आहे. उघड्या तारा ट्यूनरवर अगदी जुळवून घेतल्या, तरी मानेच्या वरच्या भागात वाजवू लागले की तिसरी आणि चौथी तार एकमेकींशी भांडू लागतात. म्हणून मी नव्या तारा चढवून, गिटार मांडीवर वाजवण्याच्या स्थितीत धरून बाराव्या फ्रेटवरचे (पडद्यावरचे) स्वर सेंटमध्ये, म्हणजे अर्धस्वराच्या शंभराव्या भागात, मोजले. उघड्या तारेच्या तुलनेत सहावी तार २ सेंट चढी, पाचवी २ सेंट उतरी, चौथी ३ सेंट उतरी, तिसरी ४ सेंट चढी, दुसरी ३ सेंट चढी आणि पहिली २ सेंट उतरी आली. सॅडल पुढेमागे सरकवून पाहिले, परंतु जोडीतली एक तार जुळली की दुसरी तेवढीच बिघडते.

बाजारात तिरप्या कापाचे, म्हणजे कॉम्पेन्सेटेड, पितळी सॅडल मिळतात, तसेच सहा सुटे सॅडल असलेला पूर्ण ब्रिजही मिळतो. माझा पहिला प्रश्न असा की, तीन सॅडलांचा तो भरीव टणत्कार न गमावता इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर स्वर नेमका लागणे) सुधारायचे असेल, तर यांपैकी काय निवडावे? दुसरा प्रश्न मला अधिक छळतो आहे. मानेच्या सुरुवातीला ई मेजर कॉर्ड धरली की तिसऱ्या तारेवरचा स्वर मला स्पष्टपणे चढा ऐकू येतो. तो दोषही सॅडल बदलल्याने जाईल का?

फ्रेटपट्टी, ठाणे

तुम्ही आकडे दिलेत याबद्दल आभार, कारण आकड्यांशिवाय या विषयावर बोलणे म्हणजे नुसती मते मांडणे होते. मी गेली काही वर्षे गिटारदुरुस्तीचे काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्रेटच्या जागा गणिताने ठरतात. प्रत्येक पुढच्या फ्रेटला तारेची उरलेली लांबी १.०५९४६ ने भागली जाते आणि बाराव्या फ्रेटवर ती बरोबर निम्मी होते. हे गणित आदर्श तारेसाठी आहे. खरी तार दाबली की थोडी ताणली जाते आणि स्वर चढतो. शिवाय तिला स्वतःचा ताठरपणा असल्यामुळे तिची लांबी जितकी कमी, तितका तो ताठरपणा अधिक जाणवतो. ही दोन्ही चढ भरून काढण्यासाठी सॅडल गणिती जागेच्या किंचित मागे ठेवावे लागते. किती मागे, हे तारेच्या एकूण जाडीपेक्षा तिच्या आतल्या गाभ्याच्या जाडीवर अधिक अवलंबून असते. म्हणूनच सहाव्या तारेचे सॅडल सर्वांत मागे जाते, पाचवीचे त्याहून पुढे, चौथीचे आणखी पुढे येते, आणि तिसरी तार गुंडाळी नसलेली, सबंध पोलादाची असल्यामुळे तिचे सॅडल पुन्हा मागे जाते. तिथून दुसरी आणि पहिली क्रमाने पुढे येतात.

तुमच्या स्केलवर सॅडल १ मिलिमीटर मागे नेले आणि उघडी तार पुन्हा जुळवली, तर बाराव्या फ्रेटवरचा स्वर उघड्या तारेच्या तुलनेत सुमारे २.७ सेंट उतरतो. तुमच्या चौथ्या आणि तिसऱ्या तारेत ७ सेंटचे अंतर आहे, म्हणजे त्या दोघींची टेकण्याची जागा एकमेकींपासून साधारण २.६ मिलिमीटर दूर असायला हवी. सरळ कापाच्या सॅडलवर हे कोणत्याही स्क्रूने साधणार नाही. दुसरी-पहिली या जोडीला पावणेदोन-दोन मिलिमीटर आणि सहावी-पाचवी या जोडीला सुमारे दीड मिलिमीटर फरक लागेल.

सॅडल मागवण्यापूर्वी एक मोजणी करा. मधले सॅडल आधी फक्त चौथ्या तारेसाठी अचूक बसवा आणि ब्रिजच्या मागच्या भिंतीपासून त्याचे अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजून लिहून ठेवा. मग तेच सॅडल फक्त तिसऱ्या तारेसाठी बसवा आणि पुन्हा मोजा. या दोन आकड्यांतला फरक हाच तुम्हाला हवा असलेला तिरपेपणा होय. सॅडल सरकवताना तार आधी सैल करा. ताणलेल्या तारेखाली स्क्रू फिरवल्यास सॅडलची खाच आणि स्क्रूचे आटे दोन्ही झिजतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे. सॅडल १ मिलिमीटर सरकवल्याने पहिल्या फ्रेटवरच्या स्वरात सेंटचा जेमतेम सहावा भाग फरक पडतो. तिथला दोष दूर करायचा असेल, तर तो नटवर शोधावा लागेल.

मांडवीकाठ, पणजी

माझ्याकडेही तीन सॅडलांचीच टेलिकास्टर आहे, म्हणून इतिहासाची एक बाजू मांडतो, कारण ती समजली की या ब्रिजवरचा राग कमी होतो. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडर यांनी १९५० साली एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर या गिटारी आणल्या आणि १९५१ पासून टेलिकास्टर हे नाव रूढ झाले. त्या काळी मिळणारे तारांचे संच जाड असत आणि तिसरी तार गुंडाळलेली असे. गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचा गाभा बारीक असल्याने तिला तिचे सॅडल फार मागे न्यावे लागत नाही. त्यामुळे चौथी-तिसरी ही जोडी एका सरळ सॅडलवर पुष्कळच निभावून जात असे. पुढे १९६० च्या दशकात हलके संच आणि गुंडाळी नसलेली तिसरी तार सर्वत्र वापरात आली, आणि तोच ब्रिज सदोष भासू लागला. मूळ रचनेत चूक होती असे म्हणण्यापेक्षा, तिच्यावर चढणारी तार बदलली असे म्हणणे मला न्याय्य वाटते.

अर्थात तक्रारी तेव्हाही होत्याच, आणि फेंडरच्याच १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला प्रत्येक तारेसाठी वेगळे सॅडल मिळाले. त्याच वर्षी गिब्सन कंपनीने लेस पॉल कस्टम या गिटारवर ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज आणला, ज्यात सहाही तारांची लांबी स्वतंत्रपणे जुळवता येते.

सहा सॅडलांच्या पर्यायाविषयी एक सावधगिरीची सूचना. तुमच्या ब्रिजच्या मागच्या भिंतीला तीनच छिद्रे असणार, त्यामुळे त्यावर सहा सॅडल बसत नाहीत आणि ब्रिजचा पूर्ण पत्रा बदलावा लागतो. जुन्या धाटणीचा पत्रा चार स्क्रूंनी बसतो आणि अनेक आधुनिक पत्रे तीन स्क्रूंनी बसतात. लाकडात नवी छिद्रे पाडण्याची वेळ येणार नाही, याची खात्री आधी करून घ्या.

पडदा आणि घोडी, मिरज

मी गिटारवादक नाही. सतार शिकले आणि घरात वाद्ये दुरुस्त होताना पाहिली, म्हणून हा धागा वाचून राहवले नाही. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. एखाद्या पडद्यावर स्वर चढा लागला, तर आम्ही तो पडदा बोटाने केसभर सरकवतो आणि तेवढाच स्वर दुरुस्त होतो. तुमच्या वाद्यात पडदे लाकडात कायमचे ठोकलेले आहेत, त्यामुळे साऱ्या दुरुस्त्यांचा भार घोडीवर येऊन पडतो. घोडी सरकवली की एकाच वेळी सगळे पडदे थोडेथोडे हलल्यासारखे होते. जवळच्या पडद्यांवर परिणाम जास्त, नटाजवळच्या पडद्यांवर जवळपास नाहीच. वर सेंटचा सहावा भाग हा आकडा आला आहे, तो मला यामुळेच चटकन पटला.

ई मेजरविषयी मात्र मला वेगळे सुचवायचे आहे. तुम्ही ज्या स्वराला चढा म्हणता आहात, तो त्या कॉर्डचा गंधार आहे. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. तुमच्या गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असल्यामुळे तिथला गंधार ४०० सेंटवर येतो. वाद्य कितीही निर्दोष असले, तरी हे १४ सेंट त्यात राहणारच. तुमचा कान गाण्यावर किंवा तंबोऱ्यावर तयार झालेला असेल, तर तो गंधार तुम्हाला चढाच वाटेल आणि तसे वाटणे बरोबरच आहे. फक्त तो सॅडलचा दोष समजून पैसे खर्च करू नका, इतकेच सांगावेसे वाटते.

सहावी तार (धागालेखक)

आपले म्हणणे वाचून मी थोडा वेळ थांबलो. माझ्या आईचे गाण्याचे शिक्षण घरीच चाले आणि तंबोरा माझ्या कानावर लहानपणापासून आहे, हे मी पहिल्या लेखात लिहिले नव्हते. तरीही केवळ १४ सेंटनी हे सुटेल असे वाटत नाही, म्हणून तिसऱ्या तारेचा पहिल्या फ्रेटवरचा स्वर ट्यूनरवर मोजला. तो समान भागांच्या हिशेबानेसुद्धा ११ सेंट चढा निघाला. म्हणजे स्वयंभू गंधारापासून तो जवळजवळ २५ सेंट वर होता.

फ्रेटपट्टी, ठाणे

११ सेंट हा नटचा दोष आहे. नटमधील खाच उंच राहिली असेल, तर पहिल्या फ्रेटवर तार दाबताना ती प्रमाणाबाहेर ताणली जाते. तपासणी सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट पाहा. ती केसाएवढी असावी. कागद सहज आत जात असेल, तर खाच उंच आहे. खाच खोल करण्यासाठी तारेच्या जाडीची कानस लागते, आणि एक घास जास्त काढला गेला तर उघडी तार फ्रेटवर खरखरू लागते व नट बदलण्यावाचून उपाय उरत नाही. हे काम पहिल्यांदा करणार असाल, तर अनुभवी माणसाकडून करून घ्या.

कामाचा क्रमही सांगून ठेवतो, कारण तो चुकला की सगळी मोजणी वाया जाते. आधी नव्या तारा, मग ट्रस रॉडने (मानेच्या आतल्या सळईने) मानेचा बाक, मग सॅडलची उंची, मग नट, आणि सर्वांत शेवटी इंटोनेशन. तारांची उंची बदलली की दाबताना पडणारा ताण बदलतो, आणि सॅडलची योग्य जागाही बदलते. पिकअप (तारांखालचे चुंबकी ध्वनिग्राहक) तारांच्या फार जवळ असतील, तर त्यांचे चुंबक जाड तारांना ओढतात आणि वरच्या फ्रेटवर ट्यूनरचा आकडा स्थिर राहत नाही. तसे दिसले, तर मोजण्यापूर्वी पिकअप थोडे खाली करा.

तिसरा सूर, नाशिक

विषय जवळचाच आहे म्हणून विचारतो. माझ्याकडे ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजची गिटार आहे आणि तिसऱ्या तारेचे सॅडल मागे जाऊन ब्रिजच्या कडेला टेकले, तरी स्वर २ सेंट चढाच राहतो. नवा ब्रिज घेणे भाग आहे का?

फ्रेटपट्टी, ठाणे

आधी ते सॅडल बाहेर काढून उलटे फिरवून पाहा. त्या सॅडलचा एक उतार सरळ आणि दुसरा तिरपा असतो, आणि फिरवल्यावर तार टेकण्याची कड मागे जाते. तुम्हाला २ सेंटसाठी पाऊण मिलिमीटरच हवे आहे, आणि एवढे त्यातून बहुधा मिळेल. एबीआर-१ या जुन्या ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजमध्ये सॅडलला सरकायला जागा कमी होती. म्हणूनच १९७० च्या दशकात आलेला नॅशव्हिल ब्रिज अधिक रुंद केला गेला.

मांडवीकाठ, पणजी

पितळाविषयी लिहायचे राहिले. सॅडलच्या धातूने इंटोनेशन सुधारत नाही. पितळ, पोलाद, टायटॅनियम किंवा ग्रॅफाइट मिसळलेले कृत्रिम साहित्य, यांपैकी काहीही घेतले तरी तार जिथे टेकते ती जागाच स्वर ठरवते. धातूने फरक पडतो तो नादाच्या पोतात, तारा तुटण्याच्या प्रमाणात आणि टिकाऊपणात. पितळ मऊ असल्यामुळे गुंडाळलेल्या तारा त्यात खाच पाडतात, आणि ती खाच रुंद झाली की तार कोणत्या बिंदूवर टेकते आहे हेच अनिश्चित होते. तशा वेळी नवे सॅडल घेतल्यावर इंटोनेशन सुधारल्याचे जाणवते खरे, पण ते श्रेय धातूला नसून स्वच्छ कडेला असते.

आमच्याकडे समुद्राच्या हवेत आणखी एक त्रास होतो. पितळी सॅडलमधील उंचीचे बारीक पोलादी स्क्रू पावसाळ्यात गंजतात आणि जागच्या जागी बसतात. जोर केला की स्क्रूच्या डोक्यातला ॲलन की बसण्याचा षटकोन आतून गोल होतो आणि मग सॅडलच फेकून द्यावे लागते. मी दर मे महिन्यात तारा उतरवून प्रत्येक स्क्रूवर दातकोरण्याच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडतो. त्यानंतर गेल्या चार पावसाळ्यांत एकही स्क्रू अडकला नाही. नवे सॅडल घेताना स्टेनलेस स्क्रू मिळत असतील, तर किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तेच घ्यावेत.

सहावी तार (धागालेखक)

काम संपायला महिनाभर लागला. काय काय झाले ते मोजमापांसह लिहितो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना उपयोग होईल.

कॅलिपरने मोजल्यावर चौथी आणि तिसरी या तारांच्या जागांमध्ये २.५ मिलिमीटरचा फरक निघाला. फ्रेटपट्टी यांनी सेंटवरून काढलेला आकडा २.६ होता. इतके जुळलेले पाहून या पद्धतीवर माझा पूर्ण विश्वास बसला. नाद बदलायचा नव्हता, म्हणून मी तिरप्या कापाचा तीन पितळी सॅडलांचा संच निवडला.

पहिल्या संचाच्या वेळी माझी निराशा झाली. विक्रेत्याने तो माझ्या गिटारला बसेल असे लेखी कळवले होते, परंतु माझ्या ब्रिजचे स्क्रू मेट्रिक आट्यांचे होते आणि सॅडलमधील छिद्रे इंची आट्यांची होती. सुरुवातीचे दोन फेरे स्क्रू आत गेला आणि मग अडला. तिथेच थांबलो, म्हणून आटे वाचले. संच परत केला आणि दुसऱ्या ठिकाणाहून मागवताना लांबीचे आणि उंचीचे दोन्ही स्क्रू सोबत असलेला संच घेतला. जो कोणी सॅडल मागवणार असेल, त्याने आट्यांचा प्रकार, सॅडलची लांबी आणि पहिल्या ते सहाव्या तारेपर्यंतचे अंतर या तीन गोष्टी आधी लेखी विचाराव्यात. उंचीच्या स्क्रूंची लांबीही पाहावी. माझ्या संचातील स्क्रू लांब निघाले, त्यांची टोके वर येऊन तळहाताला टोचू लागली, आणि मला त्याहून छोटे स्क्रू शोधावे लागले.

बसवताना माझ्याकडूनही एक चूक झाली. तिन्ही सॅडलांचा तिरपेपणा एकाच दिशेला असेल असे गृहीत धरून मी मधले सॅडलही इतर दोघांसारखेच लावले. ट्यूनरवर चौथी आणि तिसरी या तारांतला फरक ७ सेंटवरून थेट १२ सेंटवर गेला. तेव्हा वरचे स्पष्टीकरण पुन्हा वाचले. सहावी-पाचवी आणि दुसरी-पहिली या जोड्यांत जाड तार मागे हवी, पण मधल्या जोडीत बारीक असलेली तिसरी तार मागे हवी, म्हणून मधल्या सॅडलचा उतार उलट असतो. ते फिरवून बसवल्यावर सगळे जागेवर आले.

आता बाराव्या फ्रेटवर सहावी, दुसरी आणि पहिली तार शून्यावर आहेत, पाचवी १ सेंट चढी, चौथी १ सेंट उतरी आणि तिसरी १ सेंट चढी आहे. मधल्या सॅडलचा तिरपेपणा २ मिलिमीटरच आहे आणि मला अडीच हवा होता. तो राहिलेला अर्धा मिलिमीटर या दोन तारांनी वाटून घेतला आहे. पाचव्या आणि सतराव्या फ्रेटवरचे स्वर आपसात ताडून पाहिले, तेही एका सेंटच्या आत आहेत. नादात मला फरक जाणवत नाही, आणि मला हवे होते तेही हेच.

नट एका जाणकार कारागिराकडून उतरवून घेतला. पहिल्या फ्रेटवरचे ११ सेंट आता ३ वर आले आहेत, आणि पहिल्या तीन फ्रेटवरच्या साऱ्या कॉर्ड त्यामुळे निवळल्या. खरे सांगायचे तर कानाला सर्वांत मोठा फरक या नटनेच जाणवला. सॅडलने वरच्या फ्रेटवरचे भांडण मिटवले.

पडदा आणि घोडी, मिरज

फार समाधान वाटले. आता ई मेजरमधला गंधार कसा लागतो?

सहावी तार (धागालेखक)

अजूनही थोडा चढा वाटतो, पण आता तो सगळीकडे सारखाच चढा वाटतो. काल आईला ऐकवले. तिने डोळे मिटून ऐकले आणि गंधार जरा वर आहे असेच म्हणाली. मग ज्या तुकड्यांत ती एकच कॉर्ड लांब टिकते, तिथे मी तिसरी तार दोन-तीन सेंट उतरवून पाहिली. कॉर्ड गोड झाली, पण पुढच्या जी कॉर्डमध्ये तीच तार उघडी वाजते आणि तिथे ती उतरी लागू लागली, म्हणून तार पुन्हा ट्यूनरप्रमाणे जुळवून ठेवली आहे.